बाबांची बीटा ब्लॉकर बंद करू का, आणि डॉक्टरांचं रोज का बदलतं

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला सरळ आहे, वडिलांना २०१९ मध्ये अटॅक आला, ॲन्जिओप्लास्टी झाली, तेव्हापासून मेटोप्रोलोल ही बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके आणि प्रेशर कमी करणारी गोळी, चालू आहे, आता कुठेतरी वाचलं की या गोळीचा काही उपयोगच नाही, त्यात त्यांना हल्ली थकवा वाटतो, तर बंद करू का. दुसरा भाग प्रश्न कमी आणि वैताग जास्त आहे, की तुम्ही लोक आज एक सांगता उद्या दुसरं, आम्ही विश्वास ठेवायचा कशावर. मी उलट्या क्रमाने जातो, कारण वैतागाचं उत्तर कळलं की गोळीचं उत्तर आपोआप कळेल. तोपर्यंत गोळी आपल्या मनाने बंद करू नका, एवढं ऐका.

मी फिजिशियन आहे, चोवीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी आयसीयूत गेली. शब्द फिरवल्याचा आरोप मला मान्य आहे, मी स्वतः फिरवलाय, आणि एकदा नाही. पण माझ्या अनुभवात बहुतेक वेळा घोळ वेगळाच असतो. कुठलीही ट्रायल एकच प्रश्न विचारते आणि तोही फार बारीक असतो: अमुक वयाच्या, अमुक आजार असलेल्या, तमुक आजार नसलेल्या लोकांना हे औषध दिलं, दुसऱ्या गटाला नाही दिलं किंवा दुसरं काही दिलं, तर इतक्या महिन्यांत इतक्या गोष्टींचं काय झालं. बातमीत नुसतं उत्तर छापून येतं, प्रश्न गाळलेला असतो. मग दोन वेगळ्या प्रश्नांची दोन उत्तरं शेजारी शेजारी वाचली की वाटतं यांनी पलटी मारली.

सगळ्यात सोपं उदाहरण कोविडचं. २०२० च्या जूनमध्ये इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलने सांगितलं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी होतात, आणि ते खरंच होतं, त्या काळात आमच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. पण आकडे बघा. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये २८ दिवसांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, जबरदस्त फरक. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांच्यात? औषध न घेतलेल्यांत १४ टक्के आणि घेतलेल्यांत १७.८. म्हणजे तिथे फायदा तर नाहीच, आकडा उलट्या बाजूला झुकलेला. औषध तेच, डोस तोच, दिवसाला ६ मिलिग्रॅम, ट्रायलही एकच. यामागचं कारणही समजण्यासारखं आहे, सुरुवातीला शरीर व्हायरसशी लढत असतं तेव्हा इम्युनिटी दाबणं वाईट, नंतर इम्युनिटीच फुफ्फुसं जाळायला लागते तेव्हा ती दाबणं चांगलं. पण बातमी काय पसरली, स्टिरॉइडने कोविड बरा होतो. पहिल्या दिवशी ताप आला की स्टिरॉइड सुरू केलेले पेशंट मी पाहिलेत, साखर चारशेच्या वर घेऊन आलेले, आणि त्यांच्या हातात बातमीचं कात्रण होतं, म्हणजे मोबाइलमधलं कात्रण.

तर पहिला प्रश्न कायम हा, की ट्रायलमध्ये होतं कोण.

दुसरं, मोजलं काय. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. २००१ मध्ये बेल्जियममधल्या एका सर्जिकल आयसीयूतून पेपर आला की पेशंटची साखर इन्सुलिनने एकदम कडक, ८० ते ११० मध्ये ठेवली तर मृत्यू जवळपास निम्मे होतात. दीड हजार पेशंट, एकच सेंटर. आम्ही सगळे तुटून पडलो. मी तेव्हा नवीन होतो, रात्रभर दर तासाला नर्सला साखर बघायला लावायचो आणि सकाळी चार्टवर सगळे आकडे नव्वद-पंच्याण्णव दिसले की असं वाटायचं की काय काम केलंय. मग २००९ ला नाइस-शुगर आली, ६,१०४ पेशंट, बरीच आयसीयू. कडक साखर ठेवलेल्यांत ९० दिवसांत २७.५ टक्के गेले आणि १८० च्या खाली एवढंच धोरण ठेवलेल्यांत २४.९. साखर धोकादायक इतकी खाली जाण्याचं प्रमाण कडकवाल्यांत ६.८ टक्के, दुसरीकडे अर्धा टक्का. म्हणजे मी ज्या चार्टवर खूश व्हायचो तो चार्ट सुंदर होता, पेशंटचं मात्र भलं होत नव्हतं. चार्टवरचा आकडा आणि पेशंट यांच्यातलं अंतर तेव्हा जे डोक्यात बसलं ते अजून गेलेलं नाही.

हृदयाच्या डॉक्टरांनी हेच आधी भोगलं होतं. अटॅक येऊन गेलेल्यांत जादाचे ठोके पडत असतील तर पुढे अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं, आणि ते ठोके दाबणारी औषधंही होती, एनकेनाइड आणि फ्लेकेनाइड. दिली की ईसीजी एकदम स्वच्छ. तर्क इतका चोख की प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी खोटी गोळी, देऊन तपासणं काही लोकांना अनैतिक वाटत होतं! शेवटी कास्ट नावाची ट्रायल झाली आणि औषधवाल्या ७५५ मध्ये ६३ मृत्यू, प्लासिबोवाल्या ७४३ मध्ये २६. ठोके दाबले गेले होते, माणसं जात होती. ही १९८९-९१ ची गोष्ट आहे, जुनी आहे, पण अमुक मार्कर सुधारला, अमुक प्रोटीन कमी झालं अशी बातमी आली की मला दर वेळी तीच आठवते.

अल्झायमरची नवीन औषधं याच चष्म्यातून बघा. लेकानेमॅबने आजाराचा वेग २७ टक्क्यांनी मंदावतो असं तुम्ही वाचलं असेल. १,७९५ लोक, दीड वर्ष, ट्रायल नीट केलेली आहे, मेंदूतलं अमायलॉइड, म्हणजे या आजारात साचणारं प्रोटीन, खरोखर साफ होतं. पण ते २७ टक्के म्हणजे नक्की काय, तर १८ गुणांची एक मोजपट्टी आहे, त्यावर औषधवाल्यांची घसरण प्लासिबोपेक्षा ०.४५ गुणांनी कमी झाली. आणि साडेबारा टक्के लोकांच्या मेंदूत एमआरआयवर सूज दिसली, बहुतेकांना लक्षणं नव्हती पण वारंवार एमआरआय करत राहावं लागतं. ज्या घरात हा आजार आहे त्यांना ०.४५ पण मोलाचं वाटू शकतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त २७ टक्के ऐकून जे डोळ्यासमोर येतं ते चित्र आणि हे चित्र एक नाही.

टक्क्यांचं तर वेगळंच पुराण आहे. सेमाग्लुटाइड, तेच वजनाचं इंजेक्शन ज्याबद्दल हल्ली मला रोज कोणी ना कोणी विचारतं, त्याची २०२३ ची सिलेक्ट ट्रायल घ्या. १७,६०४ लोक, सगळ्यांना आधीच हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, वजन जास्त, डायबेटीस नाही. हेडलाइन: हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका २० टक्क्यांनी कमी. आत बघितलं तर साधारण सव्वातीन वर्षांत प्लासिबो गटात शंभरातल्या ८ जणांना काहीतरी झालं आणि औषध गटात साडेसहा. शंभर लोकांनी सव्वातीन वर्षं दर आठवड्याला टोचून घेतलं तेव्हा दीड माणूस त्यातून वाचला. हे कमी आहे असं म्हणायचं नाहीये मला, प्रतिबंधक औषधात हा चांगला आकडा आहे, स्टॅटिनचे, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे, आकडेही साधारण याच गावचे. पण त्याच ट्रायलमध्ये साइड इफेक्टमुळे औषध सोडणारे १६.६ टक्के होते, प्लासिबोत ८.२, मुख्यतः मळमळ उलट्या पोटाची तक्रार, हे हेडलाइनमध्ये नसतं. आणि आधीच्या एका ट्रायलमध्ये औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं, म्हणजे हा दोन महिन्यांचा कोर्स करून मोकळं व्हायचा प्रकार नव्हे. ज्याला हृदयाचा काहीच आजार नाही आणि फक्त लग्नाआधी पाच किलो उतरवायचेत त्याने सिलेक्टचा आकडा स्वतःला लावूच नये, तो त्या ट्रायलमध्ये नव्हताच.

ब्लड प्रेशरचंही बघा, कारण यात एक गंमत आहे जी बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षात आली नव्हती. स्प्रिंट ट्रायल, २०१५, ९,३६१ लोक, वरचं प्रेशर १२० च्या खाली ठेवलं तर १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा फायदा आहे, ट्रायल लवकर थांबवली इतका फायदा. वर्षाला २.१९ टक्क्यांऐवजी १.६५. पण तिथे प्रेशर मोजायचे कसे, तर पेशंटला पाच मिनिटं शांत बसवायचं आणि मग मशीनने आपोआप तीन वेळा मोजायचं, बऱ्याच सेंटरमध्ये त्या वेळी खोलीत दुसरं कोणी नाही. तुम्ही जिने चढून आलात, नंबरसाठी भांडलात, टेबलाशी बसल्या बसल्या बोलता बोलता मी पट्टा बांधला, त्यात जो आकडा येतो तो याच्यापेक्षा सहज वर असतो. तो आकडा १२० च्या खाली आणायला गेलो तर खरं प्रेशर कुठे जाईल विचार करा. स्प्रिंटमध्येही कडक गटात चक्कर, प्रेशर एकदम खाली जाणं, किडनीला मार बसणं जास्त होतंच. आणि डायबेटीसवाले त्या ट्रायलमध्ये घेतलेलेच नव्हते.

आता तिसरं, तुलना कशाशी केली. औषधाचा प्लासिबो करता येतो, ऑपरेशनचा कसा करायचा? करतात, आणि माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतलं सगळ्यात धाडसी काम तेच. फिनलंडमध्ये गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीसाठी १४६ लोकांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घातली, मग निम्म्यांची गादी कापून साफ केली आणि निम्म्यांची साफ केल्याचं नुसतं नाटक केलं, आवाज वगैरे सकट. वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे. सर्वसाधारण झिजेतून फाटलेल्या गादीची ही गोष्ट आहे हं, खेळताना गुडघा अडकून बसलेल्या विशीतल्या मुलाची नाही. परत तेच, ट्रायलमध्ये होतं कोण.

ॲन्जिओप्लास्टीचीही अशीच गत झाली. इंग्लंडची ऑर्बिटा, २०१७, हृदयाच्या एकाच नळीत ब्लॉक असलेले, श्रम केले की छातीत दुखणारे २०० पेशंट, सगळ्यांना आधी गोळ्या पुरेपूर दिल्या, मग निम्म्यांना स्टेंट, निम्म्यांना कॅथेटर घालून काहीच नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेत फक्त १६.६ सेकंदांचा फरक, तोही योगायोग असू शकेल एवढा. केवढा गदारोळ झाला, स्टेंट म्हणजे लूट वगैरे. पण त्याच टीमने २०२३ ला ऑर्बिटा-२ केली, ३०१ पेशंट, या वेळी छातीदुखीच्या गोळ्या थांबवून, आणि स्टेंटने दुखणं खरंच कमी झालं. वाचणाऱ्याला वाटेल पलटी मारली. अजिबात नाही. पहिला प्रश्न होता भरपूर गोळ्या चालू असताना वरून स्टेंटने किती भर पडते, दुसरा होता गोळ्यांशिवाय नुसता स्टेंट काय करतो. दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी आहेत आणि पेशंटसमोर बसून चर्चा करायला मला दोन्ही लागतात. (आणि हे सगळं स्थिर पेशंटचं आहे. अटॅक चालू असताना स्टेंट जीव वाचवतो, तिथे हा वाद नाही. तुमच्या वडिलांचा स्टेंट त्या प्रकारातला आहे, त्यामुळे त्याबद्दल मनात शंका आणू नका.)

मग नुसत्या निरीक्षणातून आलेल्या बातम्या, अमुक घेणाऱ्यांत तमुक आजार कमी दिसला छापाच्या. त्यांचं मी काय करतो, तर वाचतो, मजा घेतो, प्रिस्क्रिप्शन बदलत नाही. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांत डिमेन्शिया कमी दिसतो असं अनेक रेकॉर्ड तपासून आलं होतं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अल्झायमरच्या पेशंटवर केलेल्या दोन मोठ्या ट्रायलचे निकाल आले, मिळून साडेतीन हजारांवर लोक, दोन वर्षं सेमाग्लुटाइडची गोळी, आजाराची घसरण थांबली नाही. घेणारे आणि न घेणारे यांच्यात औषध सोडून आणखी शंभर फरक असतात, शिवाय आजार टाळणं आणि झालेला आजार थांबवणं या दोन गोष्टी आहेत.

बायकांच्या हार्मोनचं तर दोन्ही बाजूंनी झालं. आधी निरीक्षणांवरून वाटायचं पाळी गेल्यावर हार्मोन घेतले तर हृदय सुरक्षित राहतं. २००२ मध्ये अमेरिकेतली डब्ल्यूएचआय ट्रायल, १६,६०८ बायका, मध्येच थांबवावी लागली, अटॅक, स्ट्रोक, गुठळ्या, ब्रेस्ट कॅन्सर सगळं थोडं थोडं जास्त. एका रात्रीत जगभरच्या बायकांच्या गोळ्या बंद झाल्या. पण त्या ट्रायलमधलं सरासरी वय ६३ होतं! पन्नाशीत पाळी जाताना घामाने आणि जागरणाने हैराण झालेली बाई तो प्रश्न विचारतच नव्हती की मला बारा वर्षांनी हार्मोन सुरू केले तर हृदय वाचेल का. तिला रात्री झोप हवी होती. तिच्या वयात, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, धोका-फायद्याचं गणित वेगळं निघतं हे कळायला आणि पसरायला पुढची वीस वर्षं गेली, आणि मधल्या काळात ज्या बायकांना आम्ही घाबरून नाही म्हणालो त्यात माझ्याही पेशंट होत्या.

निरीक्षणातूनही चांगलं काम होऊ शकतं, फक्त डोकं लागतं. वेल्समध्ये २०१३ ला नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा केला की २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना नाही, त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांना मिळेल. म्हणजे आठवडाभर आधी जन्मलेला माणूस आणि आठवडाभर नंतर जन्मलेला माणूस, सगळं सारखं, फरक फक्त लस मिळण्याचा. जणू सरकारनेच चिठ्ठ्या टाकल्या. त्या दोन गटांची तुलना केली तर सात वर्षांत लस घेतलेल्यांत डिमेन्शिया साधारण एक पंचमांशाने कमी. हे २०२५ ला नेचरमध्ये आलं आणि मी ते दोनदा वाचलं, कारण यात आरोग्याची काळजी घेणारे लोक लस घेतात म्हणून त्यांना डिमेन्शिया कमी, हा नेहमीचा आक्षेप बराचसा गळून पडतो. तरी ती जुनी जिवंत व्हायरसची लस होती, आणि वयाची पट्टी ऐंशीच्या आसपासची. प्रश्न बारीकच.

आणि हो, काही वेळा आम्ही खरंच पलटी मारलेली असते. बहुतेक अशा ठिकाणी जिथे मूळ सल्ला ट्रायलशिवायच दिलेला होता. ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असं अमेरिकेत २००० च्या सुमारास अधिकृतपणे सांगायचे, कशाच्या जोरावर तर तर्काच्या. २०१५ मध्ये लीप ट्रायलने ६४० बाळांवर तपासलं तर टाळलेल्यांत पाच वर्षांचे होईपर्यंत १७.२ टक्क्यांना ॲलर्जी, लवकर खाऊ घातलेल्यांत ३.२. म्हणजे सल्ल्यानेच आजार वाढवला होता. याला पलटी म्हणा, माझी हरकत नाही.

एक आकडा मात्र सगळ्यांना माहीत असावा असं मला वाटतं. अमेरिकेच्या सरकारी हृदय-फुफ्फुस संस्थेच्या पैशातून झालेल्या मोठ्या हृदयविषयक ट्रायल कोणीतरी एकत्र काढून बघितल्या. २००० च्या आधीच्या ३० पैकी १७ मध्ये औषधाचा फायदा दिसला होता. नंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. औषधं अचानक वाईट झाली का? मधे बदललं हे, की ट्रायल सुरू करायच्या आधीच आम्ही नक्की काय मोजणार ते जाहीर नोंदवून ठेवणं आलं. आधी दहा गोष्टी मोजायच्या आणि जी चांगली आली तीच मुख्य होती असं म्हणायचं, हे करता येत होतं, नोंदणीनंतर ते अवघड झालं. आणखीही कारणं असतील, आधीचे उपचारच सुधारले त्यामुळे नव्याला जागा कमी राहिली वगैरे. पण याचा अर्थ ‘उपयोग नाही असं निघालं’ अशा बातम्या हल्ली जास्त येणं हे तब्येत सुधारल्याचं लक्षण आहे, बिघडल्याचं नाही.

सगळं असंच नकारात्मक नाही, पटकन सांगतो. बाळंतपणातल्या रक्तस्रावाची ई-मोटिव्ह ट्रायल, २०२३, केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, ८० हॉस्पिटलं, दोन लाखांवर बायका. नवीन औषध शून्य. बाईच्या खाली एक प्लास्टिकचं खुणा असलेलं कापड, ज्यात रक्त साठून किती गेलं ते डोळ्यांना दिसतं, आणि दिसलं की पाचही उपचार एकामागून एक न थांबता एकदम. गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू हे सगळं मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची चॅलेंज ट्रायल, २०२५, ८८९ पेशंट, केमो संपल्यावर तीन वर्षं कोच लावून व्यायाम: आठ वर्षांनी जिवंत ९०.३ टक्के, नुसतं पुस्तक दिलेल्यांत ८३.२. एवढा फरक एखाद्या गोळीने दाखवला असता तर तिची किंमत काय लावली असती. एचआयव्ही टाळायचं सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या २,१३४ मुलींमध्ये लागण शून्य, रोजच्या गोळीवाल्या १,०६८ मध्ये १६. शून्य हा आकडा मी माझ्या करिअरमध्ये फार कमी वेळा पाहिलाय.

जाता जाता एआयबद्दलही विचारलं होतंत, त्यात मी एवढंच म्हणेन की स्वीडनमध्ये एआयच्या मदतीने मॅमोग्राम (स्तनांचे एक्स-रे) वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी कमी झालं आणि कॅन्सर सुटले नाहीत हे नीट ट्रायल करून दाखवलंय, आणि पोलंडमध्ये एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांनी एआयशिवाय कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली तेव्हा गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. दुसरं निरीक्षण आहे, ट्रायल नाही, पण माझी झोप त्याने जास्त उडाली.

आता बाबांची गोळी. अटॅकनंतर बीटा ब्लॉकर द्यायची हे ठरलं १९८१-८२ च्या ट्रायलवरून, त्यातल्या एका मोठ्या ट्रायलमध्ये ३,८३७ पेशंट होते आणि मृत्यू ९.८ वरून ७.२ टक्क्यांवर आले. पण तेव्हा ना स्टेंट ना स्टॅटिन, अटॅक आलेल्याचा स्नायू बराच मरून जायचा. आज नळी काही तासांत उघडली तर हृदय जवळपास शाबूत राहतं. मग अशा शाबूत हृदयाला चाळीस वर्षांपूर्वीची गोळी लागते का, हा नवीन प्रश्न. २०२४ ला मुख्यतः स्वीडनची रिड्यूस-एएमआय, ५,०२० पेशंट, सगळ्यांचं इएफ (दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) ५० किंवा जास्त: मृत्यू किंवा परत अटॅक ७.९ विरुद्ध ८.३ टक्के, म्हणजे फरक नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये स्पेन-इटलीची रीबूट, साडेआठ हजार लोक, इएफ ४० च्या वर: फरक नाही. आणि त्याच वेळी नॉर्वे-डेन्मार्कची बीटामी-डॅनब्लॉक, साडेपाच हजार लोक, इएफ ४० पासून पुढे: १६.३ वरून १४.२, थोडा फायदा, मुख्यतः परत अटॅक येणं कमी. मग एकत्र करून पाहिलं तर ज्यांचं इएफ ४० ते ४९ आहे त्यांच्यात फायदा दिसतो. ४० च्या खाली तर गोळी हवीच, त्याबद्दल वादच नाही.

पण लक्षात घ्या, या तिन्ही ट्रायलचा प्रश्न होता नुकताच अटॅक आलेल्याला गोळी सुरू करावी का. तुमचा प्रश्न तो नाहीच. तुमचा प्रश्न आहे वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी बंद करावी का, आणि तो विचारला फ्रान्सच्या अबिस ट्रायलने, २०२४, सुमारे ३,७०० पेशंट, इएफ ४० किंवा जास्त. बंद करणाऱ्यांत मृत्यू, अटॅक, स्ट्रोक किंवा हृदयासाठी ॲडमिट होणं मिळून २३.८ टक्के, चालू ठेवणाऱ्यांत २१.१. फरक मुख्यतः ॲडमिट होण्यातला. बंद केल्यावर प्रेशर आणि ठोके वाढले, आणि गंमत म्हणजे ज्यासाठी लोक बंद करू बघतात, जरा बरं वाटावं, त्या जीवनमानाच्या गुणांत काही सुधारणा दिसली नाही. म्हणून ‘उपयोग नाही’ ही हेडलाइन वाचून वडिलांची गोळी बंद करणं म्हणजे दुसऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पेपरात लिहिणं.

म्हणून असं करा. त्यांचा शेवटचा इको कधीचा आहे बघा, वर्षाच्या आतला नसेल तर नवीन करून घ्या, इएफचा आकडा लागणारच. गोळी फक्त अटॅकसाठी आहे की प्रेशर, छातीत दुखणं, ठोके अनियमित असणं यापैकी कशासाठी पण आहे, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावर शोधा. आठवडाभर सकाळी बसून नाडी आणि प्रेशर लिहून ठेवा, नाडी पन्नासच्या आसपास येत असेल तर थकव्याचं कारण तिथेच असू शकतं आणि मग बंद करण्याऐवजी डोस कमी करून बघता येतो. नसेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही बघायला सांगा, सगळा दोष गोळीवर टाकून ती गोष्ट राहून जाते. हे सगळं घेऊन त्यांच्या कार्डिओलॉजिस्टकडे जा. इएफ ५० च्या वर असेल, दुसरं कारण नसेल, आणि त्यांनाही पटलं तर बंद करून बघणं चुकीचं नाही, मी स्वतः अशा काही पेशंटची थांबवली आहे, पण डोस काही आठवड्यांत हळूहळू उतरवून, एकदम कधीच नाही, कारण एकदम थांबवली तर ठोके उसळी मारतात आणि छातीत दुखणं उलटू शकतं. आणि थांबवल्यावर महिन्याभराने परत प्रेशर-नाडीची वही घेऊन या म्हणून सांगतो, अर्ध्या लोकांची वही कोरी असते ती गोष्ट वेगळी.